पूजेतली चेनकप्पी

"नरू, ती दारं आजच्या आज काढ बाबा," सोजरकाकू पाणी संस्थेच्या शेडच्या उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली. "वरच्या अंगाला लई भरून आलंय."

मी पाटासमोर मांडी घालून बसलो होतो. खंडेनवमी होती. पाटावर साखळीनं जड वजन उचलायची चेनकप्पी, तिचा आकडा, दोन पहारी, नटबोल्टचे पाने आणि तेलाचा डबा मांडलेला, वर झेंडूची माळ. मी उदबत्ती लावत होतो आणि मागं वळून बघायचीसुद्धा मला निकड वाटली नाही.

"कशावरनं?" मी विचारलं.

"सकाळधरनं वारा पडलाय. मुंग्या अंडी घेऊन भितीवर चढायल्यात. काल सांजच्याला त्या डोंगराकडं इजा चमकत हुत्या. बंधारा काठोकाठ हाय नरू. वरनं पानी आलं तर जाईल कुठनं?"

ते कुठून जाईल हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आमच्या गावच्या नदीवर चौदा गाळ्यांचा बंधारा आहे. पावसाळ्यात गाळे उघडे असतात, पाणी सरळ निघून जातं. पाऊस पुरता सरला की गाळ्यांत लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवायचं. त्या फळ्यांना आम्ही दारं म्हणतो. दारं बसलेली असताना पूर आला तर पाणी बंधाऱ्याला वळसा घालतं आणि काठाची जमीन खरडून वाट काढतं. शेजारच्या दोन गावांत असं झालेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या बंधाऱ्याची पलीकडची बाजू ठिसूळ होती, आणि त्या बाजूला अगदी खेटून सोजरकाकूची दोन एकर काळी जमीन होती.

ती जमीन तिची कशी झाली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा गेल्यावर दिरांनी तिला घराबाहेर काढली होती. अकरा वर्षं ती भावकीशी भांडली, तालुक्याला चपला झिजवल्या, आणि मग कुठं सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. त्या दिवशी तिनं मूठभर माती पदरात बांधून गावभर दाखवत आणली होती. लग्न होऊन सासरी गेलेली लेक सुलू, ती जमीन आणि जमिनीतलं खोपटं, एवढाच तिचा संसार.

दारं साधारण दिवाळीच्या तोंडावर बसवायची असा आमचा वहिवाटीचा नेम. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती, म्हणून पितृपंधरवड्यातच बसवली. "पाऊस गेला आता, उगाच पाणी वाहून कशाला घालवायचं?" असं बैठकीत सगळ्यात मोठ्यानं कोण म्हणालं होतं? मीच. मी पाणी संस्थेचा सचिव होतो, शेडची किल्ली माझ्याकडं होती, आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला माझा तीन एकर ऊस होता.

"काकू, आज खंडेनवमी हाय," मी म्हणालो.

"व्हय की. म्हनून तर माझं खुरपं आन् इळा घेऊन आले. ह्येबी मांड पूजेत." तिच्या घरी पुरुषमाणूस नव्हतं, म्हणून ती दरवर्षी आपली हत्यारं आमच्या शेडात पूजेला आणायची.

"मग तूच सांग. पूजेत मांडलेलं हत्यार कोन उठवतं का? चेनकप्पीबिगर दारं निघत न्हाईत. उद्या दसऱ्याला पूजा उठली की बघू."

तिनं मान डोलावली. मला वाटलं, संपलं. पण ती खुरपं हातात तसंच धरून उभी राहिली आणि जरा वेळानं चाचरत म्हणाली, "नड असली तर देवी समजून घेती म्हनं. हळूच उठवायची, आन् परत मांडायची…"

तेव्हा मी तिच्यावर आवाज चढवला. आजही तो आवाज माझ्या कानात आहे, कारण तो माझा नव्हताच. देवळातल्या पुजाऱ्याचा असावा तसा भारदस्त होता.

"काकू! नवमीच्या दिवशी पूजा मोडायला सांगतीस? तुझ्या तोंडातनं असलं निघतंच कसं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "चुकले बाबा. जिमिनीच्या जिवापायी बोलून गेले. देवी, चुकले गं माय." मग तिनं खुरपं आणि विळा माझ्या हातात दिला, लांबूनच डोकं टेकवलं आणि बंधाऱ्यावरून पलीकडं गेली. पाठमोरी जातानाही तिचा हात कानाच्या पाळीला होता.

संस्थेची बाकी मंडळी जीप करून तुळजापूरला दर्शनाला गेली होती. तरी दारं काढायला चार गडी लागतात, ते गावात मिळाले असते. तीन-चार तासांचं काम होतं. सकाळचे दहा वाजले होते. वेळ होता, माणसं होती. मी शेडला कुलूप लावलं आणि घरी गेलो. दुपारी रानात जाऊन एक काम उरकून आलो. ते कोणतं, ते पुढं सांगतो. ते सांगायला मला चार वर्षं लागली, तेव्हा तुम्हालाही थोडी कळ काढावी लागेल.

साडेतीनला अंधारून आलं. पहिली वीज शाळेमागच्या बाभळीवर पडली आणि तिची उभी चीर निघाली. मग जो पाऊस सुरू झाला, तो पाऊस म्हणावा असा नव्हताच. अंगणातलं माणूस दिसेना. पत्र्यांवर एवढा आवाज की माझी बायको इंदू समोर उभी राहून काही बोलत होती आणि मला फक्त तिचे ओठ हलताना दिसत होते. मला ऐकू आलं नाही, पण कळलं. ती "काकू, काकू" म्हणत होती.

पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन आम्ही दोघं नदीकडं धावलो. पाच वाजले असतील. वरच्या डोंगरात आमच्याहून जास्त कोसळला होता. पाणी दारांवरून उड्या मारत होतं. लाल, फेसाळ पाणी, त्यात कुणाच्या रानातले सोयाबीनचे ढीग ताडपत्रीसकट, एक कडब्याची गंज, एक पाय वर करून फुगलेलं वासरू. गावातले चौघे-पाचजण आधीच येऊन उभे होते.

"नरहरी, शेड उघड!" त्यातला एक ओरडला. "दारं वढू!"

मी उघडलं. आता पूजा उठवायला माझी काही हरकत नव्हती. झेंडूची माळ तोडून आम्ही चेनकप्पी खांद्यावर घेतली आणि बंधाऱ्याच्या तोंडाशी गेलो. पण बंधाऱ्यावरून कमरेएवढं पाणी धावत होतं. एकानं पाय टाकला, तर त्याला दोघांनी सदऱ्याला धरून मागं ओढलं. चेनकप्पी चिखलात ठेवून आम्ही बघत उभे राहिलो. बघण्याशिवाय काही करता येत नव्हतं.

पलीकडं सोजरकाकू दिसली. रस्त्याच्या उंचवट्यावर उभी होती, डोक्यावर काही नाही, पदर वाऱ्यानं उडालेला. जीव वाचला होता, एवढं मला बरं वाटलं. मग पाण्यानं वळसा घातला.

आधी तिच्या बांधावरचं बोरीचं झाड हललं. मोठ्या माणसानं मान हलवावी तसं सावकाश हललं आणि आडवं झालं. त्यानंतर काळी माती ढेकळाढेकळानं ढासळू लागली. एकेक ढेकूळ बैलगाडीएवढं. तिची तूर उभीच्या उभी सरकत पाण्यात जात होती. खोपटं गेलं. सोयाबीनचा ढीग गेला. काकू ओरडत नव्हती. जिथं जमीन ढासळायची तिकडं ती धावायची, हात पुढं करायची, आणि मग मागं यायची. एखादं लेकरू पडताना धरायला जावं तशी. ती चार-पाचदा तशी धावली. मग ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. माझ्या शेजारी इंदू पोत्याची खोळ तोंडात कोंबून रडत होती.

दिवस मावळेपर्यंत पाणी उतरू लागलं. तोवर नदीनं बंधारा सोडून तिच्या रानातून नवी वाट काढली होती. खाली पांढरा मुरूम आणि खडक उघडा पडला होता. काळ्या मातीचा तुकडा बघायलाही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरहून मंडळी परत आली. बंधाऱ्यावर सगळे जमले. "दारं का काढली न्हाईस?" चेअरमननं विचारलं. मी म्हणालो, "खंडेनवमी हुती. चेनकप्पी पूजेत मांडलेली." सगळ्यांनी माना डोलावल्या. पूजेतलं कोण उठवणार? बरोबर आहे. एवढ्यावर माझी सुटका झाली. मी मनात हुश्श केलं, हेही सांगून टाकतो.

तेवढ्यात काकू लांबचा वेढा घालून, दुसऱ्या गावच्या पुलावरून चालत आली. गुडघ्यापर्यंत चिखल. मला वाटलं, आता ही माझी गचांडी धरणार. मी तयार होतो. पण ती शेडच्या उंबऱ्याबाहेर थांबली आणि जमिनीवर नाक घासू लागली.

"मीच म्हनले हुते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "पूजा उठवा म्हनून मीच बोलले. नरूनं मला गप केलं, पर शबूद तोंडातनं निघून गेलता. देवीनं त्याची शिक्षा दिली. माझ्या एकटीचंच रान गेलं, बगा. दुसऱ्या कुनाचं एक ढेकूळ न्हाई गेलं."

एक-दोन बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कोणीतरी चुकचुकलं. मी बोलू शकलो असतो. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी काय केलं? मी तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणालो, "जाऊ दे काकू. देवी माफ करंल."

त्यानंतर काकू गावात एका पडक्या खोलीत राहू लागली आणि दुसऱ्यांच्या रानात रोजानं खुरपू लागली. दर खंडेनवमीला ती दिवसभर उपाशी राहून, अनवाणी शेडावर यायची. आत पाऊल टाकायची नाही. "माझ्या तोंडाला बाधा हाय," म्हणायची. बाहेरून नारळ माझ्या हातात द्यायची, मी तो आत फोडायचो, आणि अर्धी वाटी तिला प्रसाद म्हणून परत द्यायचो. तेवढा वेळ ती बाहेर उकिडवी बसून देवीला गाऱ्हाणं घालायची. शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. असं चार वर्षं चाललं.

"सांगनार हाव का न्हाई तुमी तिला?" इंदू दरवर्षी विचारायची. मी म्हणायचो, सांगू. पहिली दोन वर्षं ती चिडून विचारायची. नंतर नुसतं माझ्याकडं बघायची, आणि ते जास्त जड जायचं.

चौथ्या वर्षी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, काकूची सुलू आमच्या दारात आली. कडेवर पाच महिन्यांची मुलगी. वीस किलोमीटरवरच्या गावात दिली होती तिला. लग्नाला सात वर्षं होऊन गेल्यावर हे मूल झालेलं.

"दादा, तुमीच समजवा आईला," ती रडत म्हणाली. "बाळंतपनाला आली न्हाई. बारशाला आली न्हाई. आज मीच पोरगी घेऊन आले, तर तोंडावर पदर घेऊन भितीकडं वळून बसली. म्हनती, माझ्या तोंडाला बाधा हाय, तान्ह्या लेकराला माझी नजर नको. येवढं रान गिळलं माझ्या शबदानं, पोरीला काय झालं तर? तीन घंटे बसले दादा. आईनं नातीचं तोंड बगितलं न्हाई."

संध्याकाळच्या गाडीनं सुलू परत गेली. इंदूनं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि उठून गेली. रान गेलं ते गेलं, ते मला परत आणता येणार नव्हतं. पण ती म्हातारी नातीकडं पाठ करून बसली होती ती माझ्यामुळं, आणि ते एका वाक्यानं थांबणारं होतं.

सकाळी उठून मी काकूला शोधत गेलो. गावंदरीच्या हरभऱ्यात ती एकटीच खुरपत होती. मी तिच्याशेजारी सरीत बसलो.

"काकू, पूजा मोडली हुती," मी म्हणालो. "त्या दिवशीच. मी मोडली."

ती खुरपत राहिली. "काय बोलतूस?"

"तू गेल्यावर दुपारी मी शेड उघडलं. चेनकप्पी उठवली. माझी मोटार नदीच्या थडीला हुती, ती वर काढायची हुती. इंदू हुती संगं. मोटार वर काढली, चेनकप्पी पुसली, परत पाटावर मांडली. हळदकुंकू लावलं, माळ घातली. जशीच्या तशी."

आता तिचा हात थांबला. "दुपारी?"

"व्हय."

"म्हंजे पानी येनार, हे तुला ठावं हुतं."

"वाटत हुतं."

"मग दारं?"

"दारं काढली तर पानी गेलं असतं. पाऊस आलाच न्हाई तर पुना भरलं नसतं. ऊस हुता काकू. म्हनून पूजेचं नाव सांगितलं तुला. तुझ्या बोलन्यानं काय झालं न्हाई. जे झालं ते माझ्यानं झालं."

हे मी खाली मान घालून बोललो. वर पाहिलं, तर ती माझ्याकडं टक लावून बघत होती. मला शिव्या अपेक्षित होत्या. हातात खुरपं होतं, तेही चाललं असतं.

"मग देवीनं तुला काय केलं?" तिनं विचारलं.

"मला?"

"तू पूजा मोडलीस न्हवं? मग तुला काय केलं देवीनं?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. "काय न्हाई," मी म्हणालो.

"कायच न्हाई?"

"न्हाई."

"ऊस?"

"लई चांगला आलता त्या साली."

एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. मग काकूनं खुरपं कमरेला खोवलं, लुगड्याची माती झटकली आणि म्हणाली, "गाडी आन. मला सुलूकडं सोड."

वीस किलोमीटर ती माझ्या मोटारसायकलवर मागं बसली होती. खड्ड्यात गाडी उसळली तरी तिनं माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागच्या कडीला धरून बसली.

सुलू अंगणात धुणं वाळत घालत होती. आईला बघून हातातलं लुगडं तसंच टाकून ती धावली. काकू तिला बाजूला सारून थेट आत गेली, पाळण्यातली पोर उचलली आणि तोंडाजवळ धरून तिच्याकडं बघत राहिली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पोरगी तिच्या नाकाला हात लावत होती. काकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

सुलू बाहेर येऊन माझ्या पाया पडायला लागली. "दादा, तुमचे उपकार कसे फेडू? काय सांगितलंत तुमी तिला?"

मी काही बोलायच्या आत काकू आतून म्हणाली, "काय सांगनार? देवीचा कोप-बिप काय नसतो, म्हनला." मग पोरीला घेऊनच ती उंबऱ्यापर्यंत आली. "सुलू, तू चूल पेटीव." सुलू आत गेली.

काकू हलक्या आवाजात बोलली. पोर झोपायला आली होती, तिला थोपटत बोलली.

"रान पानी नेतं नरू. कुनाचंबी नेतं. ते मी सोडून देईन येकांदे वेळेस. पर चार वरसं मी त्या शेडाच्या दारात बसून माफी मागत हुते. उपाशी. तू आतच हुतास. ऐकत हुतास."

मी "काकू" एवढंच म्हणालो. ती वळून आत गेली.

आतून सुलूचा आवाज आला, "आई, दादांना बसायला सांग की. च्या टाकलाय."

"गेला त्यो," काकू म्हणाली.

मी अजून दारातच उभा होतो.